बिनमॅनने यू-बूटची इमेज बांधणं: रॉकप्रो६४ (आरके३३९९)

नदीकाठ

मेनलाइन यू-बूट (बोर्ड चालू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवणारा बूटलोडर), रॉकप्रो६४-आरके३३९९ डिफकॉन्फिग (या बोर्डाच्या तयार सेटिंग्ज), डेबियन, आर्च६४चा (६४-बिट आर्मचा) क्रॉस कंपायलर. कंपाइल पूर्ण होतं, शेवटी बिनमॅन (तुकडे जोडून इमेज बनवणारं यू-बूटचं हत्यार) अडतो. तीन प्रश्न आहेत.

१) 'सिंपल-बिन' इमेजमध्ये एटीएफ-बीएल३१ (ट्रस्टेड फर्मवेअरचा, म्हणजे प्रोसेसरच्या सुरक्षित बाजूच्या कोडाचा भाग) नाही, इमेज चालणार नाही असं सांगून मेक एरर १०३ देऊन थांबतं. पण यू-बूट-रॉकचिप.बिन ही फाइल बिल्ड फोल्डरमध्ये तयार दिसते. ती कार्डवर लिहिली तर चालेल का?

२) टी-ओएस (सुरक्षित बाजूची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, उदाहरणार्थ ऑपटी) नाही अशीही तक्रार येते. ऑपटी वापरायचं नाहीये. ती कशी बंद करायची?

३) याच इमेजमध्ये ४ केबीचा स्वतःचा एक तुकडा (बोर्डाचा अनुक्रमांक, हार्डवेअर आवृत्ती) ठरावीक जागी बसवायचा आहे. बिनमॅनची फाइल नेमकी कुठे बदलायची?

---

कर्नल पॅनिक

पहिल्याचं उत्तर: नाही, लिहू नका. यू-बूटची मेकफाइल बिनमॅनला 'गहाळ फाइल चालेल' या पर्यायासकट बोलावते, म्हणजे पहिल्याच गहाळ फाइलपाशी न थांबता सगळ्यांची यादी एकदम मिळते. म्हणून .बिन तयार होते, पण ती पोकळ असते. १०३ हा कोड त्यासाठीच राखलेला आहे. बिनमॅन_अलाऊ_मिसिंग=१ दिलं की तोच कोड गिळला जातो आणि बिल्ड यशस्वी दिसतं. ते सीआय (आपोआप बिल्ड तपासणाऱ्या) सर्व्हरसाठी ठीक, कार्डवर लिहायच्या इमेजसाठी नाही.

दुसऱ्यासाठी काही करायची गरज नाही. संदेश नीट वाचा: गहाळ फाइल 'ऑप्शनल' आहे आणि इमेज 'स्टिल फंक्शनल' आहे असं त्यात लिहिलेलं असतं. रॉकचिपच्या (आरके३३९९ची कंपनी) इमेज-वर्णनात टी-ओएसवर ऑप्शनल ही खूण आहे. ऑपटी हवं असेल तर टी= हे चल देऊन टी.एल्फचा मार्ग द्यायचा, नसेल तर दुर्लक्ष करायचं.

आता बीएल३१. ट्रस्टेड फर्मवेअर-ए स्वतः बांधा: मेक क्रॉस_कंपाइल=आर्च६४-लिनक्स-ग्नू- प्लॅट=आरके३३९९ बीएल३१. आरके३३९९मध्ये पॉवर सांभाळायला कॉर्टेक्स-एम०चा गाभा आहे आणि त्याचा कोडही याच बिल्डमध्ये कंपाइल होतो, त्यामुळे आर्म-नन-ईएबीआय कंपायलर लागतो. तो नसला की बिल्ड एम०च्या फोल्डरमध्ये मरतं आणि नवखा माणूस आर्च६४चा कंपायलर तपासत बसतो. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीसीसी-आर्म-नन-ईएबीआय.

निघालेली फाइल: बिल्ड/आरके३३९९/रिलीज/बीएल३१/बीएल३१.एल्फ. तिचा पूर्ण मार्ग बीएल३१= या चलात घालून यू-बूटचं मेक पुन्हा चालवा.

---

हेक्सडंप

वरच्यात एक पुरवणी, कारण इथे लोक हमखास घसरतात. फाइल .एल्फ हवी, .बिन नाही. गहाळ फाइलबद्दल बिनमॅन जो सर्वसाधारण मदतसंदेश छापतो त्यात मार्गाच्या शेवटी बीएल३१.बिन लिहिलेलं असतं. तो संदेश सगळ्या एसओसींसाठी (चिपसाठी) एकच आहे. त्याच्यावर विसंबू नका.

रॉकचिपच्या वर्णनात एटीएफचा नोड (वर्णनातला एक कप्पा) 'स्प्लिट-एल्फ' या क्रियेने भरला जातो. बिनमॅन एल्फ उघडतो, त्यातले लोड होणारे सेगमेंट वेगळे काढतो आणि प्रत्येकाला फिट (अनेक तुकडे एकत्र बांधणाऱ्या यू-बूटच्या प्रकारच्या) इमेजमध्ये एटीएफ-१, एटीएफ-२ अशी नावं आणि आपापला लोड पत्ता देतो. आरके३३९९मध्ये बीएल३१चा मुख्य भाग डीरॅमच्या सुरुवातीला हेक्स ४००००वर जातो आणि छोटा भाग थेट पीएमयूच्या (पॉवर सांभाळणाऱ्या भागाच्या) एसरॅममध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या मेमरीत, हेक्स एफएफ३बी००००वर. दोघांमध्ये जवळपास ४ जीबीचं अंतर. ही सपाट .बिन केली तर मधली पोकळी कोण भरणार?

एल्फ वाचायला पायएल्फटूल्स लागतं. ते नसेल तर एल्फटूल्स पॅकेज उपलब्ध नाही असा स्पष्ट संदेश येतो. डेबियनवर एकदाच हे घालून टाका: बायसन, फ्लेक्स, स्विग, पायथन३-डेव्ह, पायथन३-सेटअपटूल्स, पायथन३-पायएल्फटूल्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबग्नूटीएलएस२८-डेव्ह. स्विग नसेल तर डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं आणि इमेजचं झाडाच्या रूपातलं वर्णन) वाचणारं पायलिबएफडीटी बनत नाही, आणि बिनमॅन डिव्हाइस ट्रीशिवाय एक पाऊलही टाकत नाही.

---

वाचनमात्र

इतका खटाटोप का? आयडीबीलोडर.आयएमजी (बूटची पहिली पायरी) आणि यू-बूट.आयटीबी (पुढची फिट) अशा दोन फाइली डीडी कमांडने लिहिल्या की झालं. एका फाइलसाठी एवढं मोठं यंत्र?

---

गवंडी

दोन फाइली आजही लिहिता येतात, आणि एका बाबतीत तेच बरं (खाली लिहितो). पण त्या दोन फाइलीही बिनमॅननेच बनवलेल्या असतात. आधी रॉकचिपसाठी मेक_फिट_एटीएफ.पीवाय ही स्क्रिप्ट होती, ऑलविनर या दुसऱ्या चिप कंपनीसाठी एमकेसनएक्सआय_फिट_एटीएफ.एसएच नावाची वेगळी शेल स्क्रिप्ट, इंटेलच्या बोर्डांना आणखी तिसरीच. कुठला तुकडा कुठल्या ऑफसेटवर (सुरुवातीपासून किती अंतरावर), हे ज्ञान स्क्रिप्टांत, मेकफाइलींत आणि विकीच्या पानांवर विखुरलेलं. सायमन ग्लास यांनी २०१६ साली बिनमॅन आणलं ते एवढ्यासाठीच: इमेजची रचना डिव्हाइस ट्रीमध्ये एका जागी लिहायची आणि बांधकाम एका हत्याराने करायचं.

आता @नदीकाठ यांचा तिसरा प्रश्न. आधी आकडे डोक्यात बसवू, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

आर्च/आर्म/डीटीएस/रॉकचिप-यू-बूट.डीटीएसआय उघडा. त्यात बिनमॅन नावाचा नोड, त्यावर मल्टिपल-इमेजेस ही खूण, आणि आत सिंपल-बिन (एसडी, ईएमएमसीसाठी) व सिंपल-बिन-एसपीआय (बोर्डावरच्या एसपीआय फ्लॅश चिपसाठी). सिंपल-बिनमध्ये दोनच मुख्य गोष्टी असतात. पहिली एमकेइमेज: टीपीएल आणि एसपीएल (यू-बूटच्या आधी चालणारे दोन छोटे लोडर) घेऊन आरकेएसडी प्रकाराने आयडीबीलोडर बनवते, ऑफसेट ०. दुसरी फिट: एटीएफचे तुकडे, यू-बूट आणि एफडीटी (डिव्हाइस ट्रीची फाइल), ऑफसेट हेक्स ७एफ८०००. उरलेली जागा पॅड-बाइट एफएफने भरते.

७एफ८००० हा आकडा विचित्र वाटतो, कारण बूटरॉम (चिपमध्ये कोरलेला पहिला कोड) आयडीबीलोडर शोधतं सेक्टर ६४ला, म्हणजे डिस्कवर ३२ केबी, हेक्स ८०००. पूर्ण इमेज तिथून लिहिली जाते. ८००० + ७एफ८००० = ८०००००, म्हणजे बरोबर ८ एमबी, सेक्टर १६३८४. जीपीटीचा (पार्टिशनच्या सारणीचा) हेडर आणि नोंदी सेक्टर ३३पर्यंत संपतात, म्हणून ६४ला टक्कर होत नाही. पहिलं पार्टिशन १६ एमबीपासून सुरू करा, निर्धास्त राहाल.

सगळ्यात महत्त्वाचं: फिटच्या जागेचा हा आकडा एसपीएल बिनमॅनला विचारत नाही. एमएमसीवरून (एसडी किंवा ईएमएमसी) वाचताना तो कॉन्फिगमधला सेक्टर वापरतो, सिस_एमएमसीएसडी_रॉ_मोड_यू_बूट_सेक्टर, मूल्य हेक्स ४०००. डीटीएसआयमध्ये फिटचं ऑफसेट सरकवलंत आणि हा सेक्टर तसाच ठेवलात, तर बिल्ड निर्मळ होतं, कसलीही सूचना येत नाही आणि बोर्ड 'ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१' म्हणून गप्प बसतो. बिनमॅनमध्ये एसपीएलच्या आत चिन्हं भरून जागा कळवायची सोय आहे, पण इथे एमएमसीचा मार्ग ठरलेल्या सेक्टरचाच आहे. म्हणून फिटला हात लावू नका, त्याच्या आधीची मोकळी जागा वापरा.

ती जागा बरीच आहे, पण पूर्ण रिकामी समजू नका. रॉकचिपचं एन्व्हायर्नमेंटचं (यू-बूटच्या जपून ठेवलेल्या सेटिंग्जचं) नेहमीचं ऑफसेट हेक्स ३एफ८०००, लांबी ८०००. म्हणजे ४ एमबीच्या रेषेला संपतं, आणि ते डिस्कवरचं ऑफसेट आहे, इमेजमधलं नाही. ज्या बोर्डांचं एन्व्हायर्नमेंट एमएमसीत आहे तिथे पूर्ण यू-बूट-रॉकचिप.बिन लिहिली की सेव्हएन्व्हने जपलेलं सगळं एफएफखाली जातं. असे बोर्ड अद्ययावत करताना दोन फाइली वेगळ्या लिहिणं बरं: आयडीबीलोडर.आयएमजी सेक्टर ६४ला, यू-बूट.आयटीबी १६३८४ला. @वाचनमात्र, तुमची पद्धत इथे जिंकते.

तुकड्यासाठी इमेजमधलं ऑफसेट हेक्स ७एफ०००० घेऊ. फिटच्या ३२ केबी आधी, डिस्कवर हेक्स ७एफ८०००, सेक्टर १६३२०. (इमेजमधलं ७एफ८००० आणि डिस्कवरचं ७एफ८००० या दोन वेगळ्या जागा आहेत. कागदावर लिहून ठेवा.)

मूळ डीटीएसआय बदलू नका. बोर्डाच्या -यू-बूट.डीटीएसआय फाइलमध्ये बिनमॅन या लेबलला पकडून, सिंपल-बिनच्या आत नवा नोड घाला:

बोर्ड-माहिती {
  टाइप = "ब्लॉब-एक्स्ट";
  फाइलनेम = "बोर्ड-माहिती.बिन";
  ऑफसेट = <हेक्स ७एफ००००>;
  साइझ = <हेक्स १०००>;
};

फाइल ४ केबीपेक्षा लहान असेल तर उरलेला भाग पॅड-बाइटने भरतो. मोठी असेल तर मजकुराचा आकार नोंदीच्या आकारापेक्षा जास्त आहे म्हणून बिनमॅन बिल्ड थांबवतो, आणि ते चांगलंच आहे. साइझ दिलीच नाही तर नोंद फाइलएवढी होते, मग उद्या कुणी १०० केबीची फाइल ठेवली की ती फिटच्या अंगावर जाते.

---

नदीकाठ

केलं. आता म्हणतो: बोर्ड-माहितीचं ऑफसेट आधीच्या नोंदीवर, म्हणजे फिटवर, ओव्हरलॅप होतं. पण ७एफ०००० तर फिटच्या आधी आहे!

---

गवंडी

डिव्हाइस ट्री कंपायलर नंतर जोडलेला नोड भावंडांच्या शेवटी टाकतो. बिनमॅन नोडांच्या क्रमाने जागा तपासत जातो: एमकेइमेज, फिट, मग तुमची नोंद. 'आधीची नोंद' म्हणजे पत्त्याने आधीची नव्हे, क्रमाने आधीची.

सिंपल-बिनमध्ये सॉर्ट-बाय-ऑफसेट ही खूण घाला. मग बिनमॅन नोंदी ऑफसेटप्रमाणे लावून घेतो. मात्र ज्या नोंदीला ऑफसेट दिलेलं नाही ती नोडक्रमातल्या आधीच्या नोंदीला चिकटून बसते, म्हणून स्वतः घातलेल्या प्रत्येक नोंदीला ऑफसेट द्यायची सवय ठेवा.

---

कर्नल पॅनिक

ब्लॉब आणि ब्लॉब-एक्स्टमधला फरकही सांगून टाकतो. साध्या ब्लॉबची फाइल सापडली नाही तर बिल्ड तिथेच संपतं. ब्लॉब-एक्स्ट म्हणजे बाहेरून येणारी फाइल. ती नसली तर वर सांगितलेला १०३चा रस्ता. ऑप्शनल खूण लावली तर नुसती सूचना. अनुक्रमांक नसलेला बोर्ड कारखान्यातून बाहेर पडू नये असं वाटत असेल तर ऑप्शनल लावू नका.

फाइल शोधायच्या जागा: बिल्ड फोल्डर, सोर्सचं मूळ, बोर्डाचं फोल्डर. याबाहेरची असेल तर बिनमॅन_इनडर्स= या चलात फोल्डर द्या. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) के३ बोर्डांवर टीआय-लिनक्स-फर्मवेअरचं फोल्डर असंच दिलं जातं.

---

तिरकस

माझ्याकडे वेगळाच प्रकार. त्याच एसओसीचा स्वतःचा बोर्ड, स्वतःची डीटीएस, स्वतःची -यू-बूट.डीटीएसआय. बिल्ड म्हणतं यू-बूट.डीटीबीमध्ये बिनमॅन नोडच नाही. रॉकचिप-यू-बूट.डीटीएसआय तर जागेवर आहे.

---

हेक्सडंप

जागेवर आहे, पण कुणी बोलावत नाहीये. यू-बूट प्रत्येक डीटीएसला एकच -यू-बूट.डीटीएसआय आपणहून जोडतो. शोधायचा क्रम: आधी बोर्डाच्या नावाची, मग एसओसीची, मग सीपीयूची, मग व्हेंडरची. पहिली सापडली की शोध संपला. बोर्डाच्या नावाची फाइल बनवलीत, त्याच क्षणी एसओसीची फाइल बाद झाली. तुमच्या फाइलच्या पहिल्या ओळीत आरके३३९९-यू-बूट.डीटीएसआय इन्क्लूड करा. ती पुढे रॉकचिप-यू-बूट.डीटीएसआय आणते.

शंका असेल तर यू-बूट.डीटीबी डीटीसीने उलटी करून त्यात बिनमॅन शोधा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

---

नदीकाठ

बिल्ड झालं. कार्डवर लिहिण्याआधी तुकडे जागेवर आहेत हे कसं तपासायचं? बिनमॅन एलएस चालवलं तर एफडीटीमॅप सापडला नाही म्हणतो.

---

गवंडी

एलएस, एक्स्ट्रॅक्ट, रिप्लेस हे तिन्ही इमेजच्या पोटातला नकाशा वाचतात. तो असावा लागतो, म्हणजे सिंपल-बिनमध्ये एफडीटीमॅप नावाचा रिकामा नोड हवा, ऑफसेट फिटच्या पुढे. हत्यार इमेजभर _एफडीटीमॅप_ ही खूण शोधतं. शोध झटपट व्हावा असं वाटलं तर इमेज-हेडर नोंद घालून तिचं स्थान शेवटी ठेवा. मग एलएस नाव, इमेजमधली जागा, आकार, प्रकार अशी सारणी देतं.

रिप्लेसबद्दल सावध. नवी फाइल आकाराने तंतोतंत तेवढीच असेल तर सरळ बसते. आकार बदलणार असेल तर इमेजवर अलाऊ-रीपॅक ही खूण बांधतानाच असावी लागते, नंतर लावता येत नाही. तुमच्या तुकड्याला साइझ ठरलेली आहे, तेव्हा कारखान्यात प्रत्येक बोर्डासाठी ४०९६ बाइटची फाइल बनवून रिप्लेस करणं जमतं, पुन्हा कंपाइल नको. त्या संगणकावर यू-बूटचा सोर्सही नको, पिपने बायनरी-मॅनेजर या नावाचं पॅकेज घातलं की बिनमॅन मिळतं.

नकाशा नको असेल तर बिल्ड फोल्डरमधली सिंपल-बिन.मॅप बघा. मेक ती दर वेळी बनवतं आणि बहुतेक लोक ती कधी उघडत नाहीत.

---

हेक्सडंप

हातानेही पडताळा. इमेजच्या पहिल्या चार बाइट ३बी ८सी डीसी एफसी दिसायला हव्यात. हा आरसी४ने झाकलेला रॉकचिपचा हेडर आहे. (आरके३५६८ आणि पुढच्यांत हेडर वेगळा, तिथे आरकेएनएस अशी अक्षरं दिसतात.) हेक्स ७एफ८०००ला डी० ०डी एफई ईडी, म्हणजे फिटची सुरुवात. ७एफ००००ला तुमचा तुकडा.

यू-बूट.आयटीबीवर डंपइमेज -एल चालवा. एटीएफचे सगळे तुकडे, यू-बूट आणि एफडीटी यादीत हवेत. एटीएफ दिसत नसेल तर बीएल३१ पोचलेलंच नाही.

लिहिणं: डीडी, बीएस=५१२, सीक=६४, कॉन्व्ह=एफसिंक. पूर्ण उपकरणावर लिहायचं, पार्टिशनवर नाही.

सिरीयल १५००००० बॉडवर असतं. सीपी२१०२ या यूएसबी-सिरीयल चिपची मर्यादा १० लाख, तिच्यावर कचरा दिसेल आणि तुम्ही इमेजवर संशय घ्याल. एफटी२३२ किंवा सीपी२१०४ घ्या.

---

तिरकस

एसपीआय फ्लॅशसाठी हाच तुकडा सिंपल-बिन-एसपीआयमध्ये घातला तर चालेल ना, ऑफसेट बदलून?

---

कर्नल पॅनिक

चालेल, पण तिथलं गणित वेगळं आहे. आरके३३९९चं बूटरॉम एसपीआयवरून प्रत्येक ४ केबीतली पहिली २ केबीच वाचतं. आरकेएसपीआय प्रकारात एमकेइमेज म्हणून डेटा पसरवतं: २ केबी माल, २ केबी रिकामं. आयडीबीलोडर दुप्पट जागा खातो. फिटचं ऑफसेट सिस_एसपीआय_यू_बूट_ऑफ्स या कॉन्फिगमधून येतं आणि सुदैवाने एसपीएलही तोच आकडा वाचतो, त्यामुळे इथे दोन आकडे जुळवायला नकोत. ते हेक्स ६०००० असेल तर ३८४ केबी, म्हणजे टीपीएल आणि एसपीएल मिळून जेमतेम १९२ केबी. एसपीएलमध्ये जास्तीचे ड्रायव्हर चालू केलेत की ओव्हरलॅपची तक्रार येते. तेव्हा हे ऑफसेट वाढवा, ड्रायव्हरवर कुऱ्हाड चालवू नका. ही इमेज फ्लॅशवर ० पासून लिहायची, ६४वा सेक्टर विसरा.

तुमचा तुकडा आयडीबीलोडर आणि फिटच्या मध्ये कोंबू नका, ती जागा एसपीएलला वाढायला लागते. फिटच्या पुढे ठेवा, आणि एन्व्हायर्नमेंटही एसपीआयमध्ये असेल तर ३एफ८००० ते ४००००० हा पट्टा सोडा.

आणि बूटरॉम आधी एसपीआय बघतं, मग ईएमएमसी, मग एसडी. हेडर वैध पण एसपीएल बिघडलेला, अशी इमेज एसपीआयमध्ये गेली तर एसडी कार्डापर्यंत पाळी येत नाही. एसपीआयची क्लॉक पिन जमिनीला टेकवून बोर्ड चालू करायचा, बूटरॉम ती वगळून पुढे जातं, एसपीएल आल्यावर पिन सोडायची आणि फ्लॅश पुसायची. प्रयोग करताना त्या पिनची जागा आधी शोधून ठेवा.

---

वाचनमात्र

ऑलविनरला हेच लागू का?

---

गवंडी

हत्यार तेच, आकडे वेगळे. यू-बूट-सनएक्सआय-विथ-एसपीएल.बिन ही ८ केबीवर, सेक्टर १६ला जाते, आणि तो सेक्टर जीपीटीच्या नोंदींच्या मधोमध पडतो. एच३पासूनची बूटरॉम १२८ केबीवरही, सेक्टर २५६ला, शोधतात. जीपीटी हवी असेल तर तिथे लिहा. ए६४, एच५, एच६वर बीएल३१सोबत एससीपी (पॉवर सांभाळणाऱ्या छोट्या प्रोसेसरचं फर्मवेअर) मागितलं जातं. क्रस्ट फर्मवेअर नको असेल तर एससीपी=/डेव्ह/नल. बीएल३१ तिथे .बिन द्यायची. हो, रॉकचिपच्या नेमकी उलट.

---

नदीकाठ

कार्डवरून बूट झालं, तुकडा ७एफ००००ला दिसतोय. शेवटचं: तोच सोर्स दोन संगणकांवर बांधला तर दोन इमेजचे शा२५६ (फाइलचे ठसे) जुळत नाहीत.

---

हेक्सडंप

यू-बूटच्या बॅनरमध्ये बांधल्याची तारीख-वेळ असते आणि फिटच्या हेडरमध्येही वेळेची नोंद असते. सोर्स_डेट_इपॉक हे चल दोन्हीकडे सारखं ठेवा, कमिटची वेळ घेतली तर उत्तम. ट्रस्टेड फर्मवेअरही स्वतःची वेळ छापतं, तिथे बिल्ड_मेसेज_टाइमस्टॅम्प ठरवून द्या. तरीही फरक राहिला तर दोन्ही संगणकांवरच्या कंपायलरची आवृत्ती बघा, आणि सोर्सच्या झाडात कमिट न केलेला बदल आहे का तेही. असला तर आवृत्तीच्या नावामागे 'डर्टी' लागतं आणि बॅनर बदलतो.